भिंतीवरचा जुना वॉलपेपर काढताना

पुण्यातल्या बहुतेक घरांत वॉलपेपर चारही भिंतींना नसतो. दिवाणखान्यात टीव्हीच्या मागे किंवा झोपण्याच्या खोलीत पलंगाच्या उशाशी अशा एखाद्याच भिंतीवर तो असतो, आणि म्हणूनच तो काढणे हे एका रविवारचे काम आहे असे वाटते. सात-आठ पावसाळे गेले की कागदाचे सांधे उकलू लागतात, स्कर्टिंगजवळची कड वर वळते, भिंत पश्चिमेची असेल तर कागदामागे ओल धरून खोलीत कुबट वास येऊ लागतो आणि घरातले कोणीतरी येता-जाता सुटलेले टोक ओढून पाहते. तसे ओढले की हातात वीतभर कागद येतो आणि त्याच्या पाठीला चिकटून भिंतीची पुट्टीही येते.

गेल्या दोन वर्षांत मी असे दोन कागद काढले. पहिला सहकारनगरमधल्या आमच्या घरातला आणि दुसरा वाकडला धाकट्या बहिणीच्या फ्लॅटमधला. पहिला इतका सहज निघाला की तोच फवारा, तीच खरवडायची पट्टी आणि तितकेच पाणी घेऊन मी दुसऱ्या भिंतीला हात घातला, आणि तासाभरात ती भिंत ओल्या खडूसारखी मऊ पडली. पट्टी जिथे जिथे टेकली तिथे बोटबोटभर लांबीचे चर पडले. कागद दोन्हीकडे जवळजवळ सारखाच होता; फरक मागच्या भिंतीचा होता. आमच्याकडे सिमेंटचा गिलावा आणि त्यावर नीरू, म्हणजे चुन्याच्या घोटाईचा थर होता, बहिणीकडे जिप्समचे प्लास्टर होते. तेव्हापासून वॉलपेपर कसा काढायचा असे मला कोणी विचारले, तर मी आधी मागची भिंत कसली आहे ते विचारते.

मागची भिंत कसली आहे

कागद न फाडता भिंतीचे अंतरंग पाहण्याची उत्तम जागा म्हणजे स्विचबोर्ड. त्या खोलीचा एमसीबी, म्हणजे मेन बोर्डातला वीज तोडणारा खटका, बंद करावा. टेस्टर आधी दुसऱ्या खोलीतल्या चालू सॉकेटमध्ये लावून तो पेटतो याची खात्री करावी, मग या खोलीतले प्रत्येक सॉकेट तपासावे आणि त्यानंतरच बोर्डाची प्लेट उघडावी. प्लेटच्या कडेखाली जी बोटभर रुंदीची पट्टी एरवी झाकलेली असते, तिथे कागद, पुट्टी आणि गिलावा हे थर एकाखाली एक दिसतात. करडा, वाळूचे कण असलेला आणि नखाला दाद न देणारा थर म्हणजे सिमेंटचा गिलावा. त्यावर पांढरा, गुळगुळीत आणि कडक असा पातळ थर असेल तर तो नीरू किंवा पांढऱ्या सिमेंटची पुट्टी असते. पुण्यातल्या जुन्या सोसायट्यांत नीरू सर्रास आढळतो. मात्र गिलाव्याची सगळी जाडीच पांढरी असेल, नखाने तो सहज खरवडला जात असेल आणि बोटाला पिठासारखी पूड लागत असेल, तर ते जिप्सम आहे असे समजावे. वाकड, हिंजवडी, बाणेर, खराडी या भागांतल्या नव्या इमारतींत आतल्या भिंतींना ते मोठ्या प्रमाणावर वापरलेले असते. काही नव्या इमारतींत भिंतच अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटची असते आणि तिच्यावर फक्त पुट्टीचे दोन हात असतात. अशा भिंतीला पाण्याचे भय नसते, पण पुट्टी नीट धरलेली नसेल तर ती पापुद्र्याने सुटते.

जिप्समबद्दल थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण बहुतेकांची चूक इथेच होते. जिप्समची पूड पाण्यात कालवूनच ते घट्ट होते, त्यामुळे पाण्याने त्याचे काय बिघडणार असे वाटते. प्रत्यक्षात घट्ट झालेले जिप्सम पुन्हा भिजले की त्याची ताकद बरीच कमी होते. ते थोडेच भिजले आणि लगेच वाळले तर ती ताकद बहुतांशी परत येते, पण भिजलेल्या अवस्थेत त्यावर पट्टी फिरवली तर ते कागदाबरोबर निघते. पीओपीची गतही हीच. म्हणून जिप्समच्या भिंतीवर पाणी फवाऱ्याने न मारता घट्ट पिळलेल्या स्पंजने लावावे, एका वेळी दोन-अडीच फुटांपेक्षा जास्त उंचीचा भाग भिजवू नये आणि वाफेचे यंत्र तर तिकडे फिरकूही देऊ नये. टकटक केल्यावर भिंत सर्वत्र डब्यासारखी पोकळ वाजत असेल तर ती जिप्सम बोर्डाची पडदी आहे. बोर्डाला वरून कागदाचाच थर असतो आणि वॉलपेपरबरोबर तोही सोलून निघण्याची शक्यता असते. तिथे दुप्पट सावधगिरी हवी.

कसबा, शनिवार किंवा सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यांची गोष्ट वेगळी आहे. तिथे विटा-मातीच्या भिंतीवर चुन्याचा, क्वचित मातीचा गिलावा असतो. बोटाच्या पेराने ठोकून पाहताना एखाद्या भागातून भदभद आवाज आला, तर तिथला गिलावा भिंतीपासून सुटलेला आहे असे समजावे. तो भाग कागदानेच धरून ठेवलेला असतो. अशा ठिकाणी कागद काढण्याचे काम हे गिलाव्याच्या दुरुस्तीचेच काम असते आणि ते चुन्याचे काम जाणणाऱ्या गवंड्यावर सोपवणे शहाणपणाचे ठरते.

कागद कसला आहे

आपल्याकडे मिळणारा बहुतेक वॉलपेपर दोन पदरी असतो: वर व्हिनाइलचा, म्हणजे पीव्हीसीचा पातळ थर आणि मागे कागद. वरचा थर पाणी आत जाऊ देत नाही, म्हणून त्यावर कितीही पाणी मारले तरी ते खाली ओघळून फरशीवर साचते आणि गोंद कोरडाच राहतो. नॉन-वोव्हन, म्हणजे न विणता तंतू दाबून केलेला कागद मात्र लावतानाच पुढे काढता यावा अशा बेताने केलेला असतो; तो नीट लावलेला असेल तर कोरडाच, अखंड पट्ट्यांनी निघतो. तिसरा प्रकार म्हणजे मागचा कागद सोलून चिकटवायचा स्टिकर. त्याचा गोंद पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे त्याची रीत निराळी आहे आणि ती पुढे सांगितली आहे. आपला कागद कोणता हे ठरवण्यासाठी एका सांध्याजवळ ओल्या बोटाने घासून पाहावे. कागद गडद होऊन पाणी पिऊ लागला तर तो साधा. पाणी मण्यांसारखे उभे राहिले तर व्हिनाइल.

प्रमाणित रोल ५३ सेंटिमीटर रुंद आणि सुमारे १० मीटर लांब असतो, म्हणजे त्यात साधारण ५७ चौरस फूट कागद येतो. याचा उपयोग असा की, रंगीत नक्षीत सांधे दिसत नसले तरी कोपऱ्यापासून दर ५३ सेंटिमीटरवर टेप धरून हात फिरवला की ते सापडतात. काम नेहमी सांध्यापासून सुरू करावे. सांधा ही कागदाची सर्वांत दुबळी जागा असते, कारण पावसाळ्यात तिथूनच हवेतली ओल आत शिरलेली असते.

तयारी

हे काम पावसाळ्यात काढू नये. जून ते सप्टेंबरात भिंत वाळता वाळत नाही आणि ओल्या भिंतीवर घाईने रंग दिला की दिवाळीपर्यंत तो फुगतो. फेब्रुवारी ते मे हे दिवस चांगले. मात्र एप्रिलमधल्या दुपारी पुण्याची हवा इतकी कोरडी असते की लावलेले पाणी गोंदापर्यंत पोहोचण्याआधीच उडून जाते. सकाळी सातला सुरुवात करून अकरापर्यंत भिजवण्या-खरवडण्याचे काम आटोपावे आणि तोवर पंखा बंद ठेवावा, हे मला सोयीचे वाटते.

ओल आतून येत असेल, म्हणजे पलीकडे न्हाणीघर असेल, वरच्या मजल्यावरून गळती असेल किंवा बाहेरच्या भिंतीला भेग असेल, तर आधी ती बंद करावी. कागदाखाली मिठासारखी पांढरी भुकटी दिसली तर भिंतीला लोणा लागला आहे, आणि लोणा हा पाणी मुरत असल्याचाच पुरावा असतो. सोसायटीतल्या वरच्या घराशी याबाबत बोलणे अवघड असते हे मान्य, पण त्यावाचून पुढचा सगळा खर्च पाण्यात जातो.

साहित्य फार लागत नाही. झाडांना पाणी मारायचा एक-दोन लिटरचा हातपंप, चार इंची आणि दोन इंची अशा पुट्टीच्या दोन पट्ट्या, दोन बादल्या, मोठे स्पंज, ८० आणि १८० नंबरचा पॉलिश पेपर, मास्किंग टेप, जाड प्लॅस्टिक, जुनी गोणपाटे आणि रबरी हातमोजे. हे सगळे रविवार पेठेतल्या बोहरी आळीत एका फेरीत मिळते, आणि पट्टी तरी तिथेच हातात धरून घ्यावी असे माझे मत आहे. तिचे पाते अंगठ्याने दाबल्यावर थोडे लवले पाहिजे. न लवणारे पाते भिंतीत रुतते. घरी आणल्यावर मी पहिले काम करते ते कानशीने पट्टीचे दोन्ही कोपरे गोल करण्याचे. भिंतीवर पडणारे बहुतेक ओरखडे पात्याच्या धारेने नव्हे, तर त्या दोन टोकदार कोपऱ्यांनी पडतात. पाच मिनिटांच्या या कामाने नंतरची तासाभराची पुट्टी वाचते.

फरशीवर आधी प्लॅस्टिक आणि त्यावर गोणपाट अंथरावे. नुसते प्लॅस्टिक अंथरले तर भिजलेल्या गोंदाने ते साबणासारखे निसरडे होते, आणि शिडीवरून उतरताना त्यावर पाय पडला तर काय होईल हे सांगायला नको. शहाबादी फरशी असेल तर गोंदाचे थेंब लगेच पुसावेत, नाहीतर ते तिच्या रंध्रांत शिरून बसतात. प्लेट पुन्हा बसवून स्विचबोर्ड प्लॅस्टिकने झाकावा, कडेने टेप लावावी आणि काम पूर्ण होऊन भिंत वाळेपर्यंत त्या खोलीचा एमसीबी बंदच ठेवावा. बोर्डाभोवती फवारा मारू नये. तिथे पिळलेला स्पंजच वापरावा. जुन्या घरांत वायरिंग केसिंग-कॅपिंगमधून, म्हणजे झाकण असलेल्या पोकळ पट्टीतून भिंतीवरून गेलेले असते; त्या पट्टीच्या फटीत पाणी जाणार नाही याची वेगळी काळजी घ्यावी.

बुरशीचे काळे ठिपके दिसत असतील तर एन-९५ मास्क लावावा आणि तो भाग कोरडा खरवडू नये. आधी ओला करावा. जुन्या घरात वॉलपेपरखाली ऑइल पेंट असेल तरीही हेच पथ्य पाळावे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) अधिक नसावे हा नियम आपल्याकडे २०१६ साली अधिसूचित होऊन १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसे जास्त असू शकते. असा रंग कोरडा घासून त्याची धूळ घरात उडवणे, विशेषतः लहान मुले असताना, कटाक्षाने टाळावे.

प्रत्यक्ष काम

आधी पाण्याशिवाय जेवढे निघेल तेवढे काढून घ्यावे. सांध्याचे किंवा खालच्या कोपऱ्याचे टोक पट्टीने अलगद उचलावे, दोन्ही हातांनी धरावे आणि भिंतीला जवळजवळ समांतर ठेवून हळूहळू ओढावे. आपल्याकडे, म्हणजे भिंतीपासून बाहेरच्या दिशेने ओढण्याचा मोह होतो. पण तसे ओढले की सगळा जोर एका रेषेत येतो आणि पुट्टी उचकटते. समांतर ओढले की कागद गोंदावरून सरकत सुटतो. व्हिनाइलचा वरचा थर पुष्कळदा असाच, लांबच लांब पट्ट्यांनी निघतो आणि मागे तपकिरी किंवा पांढरा कागद भिंतीवर राहतो. तो राहिला याचे वाईट वाटून घेऊ नये. वरचे प्लॅस्टिक निघाले म्हणजे पाण्याची वाट मोकळी झाली.

व्हिनाइल सुटतच नसेल तर त्याला छिद्रे पाडावी लागतात. त्यासाठी काटेरी चाकांचे हत्यार मिळते, पण ८० नंबरचा पॉलिश पेपर गोल गोल फिरवून वरचा थर खरबरीत केला तरी तेच काम होते. कटरने फुल्या मारण्याचा सल्ला अनेक जण देतात. मी तो मानत नाही. कटरचे पाते कागदाशी थांबत नाही, आणि भिंतीवर उमटलेल्या त्या फुल्या नव्या रंगातून सकाळच्या तिरप्या उन्हात स्पष्ट दिसतात.

आता पाणी. हाताला सोसेल इतके गरम पाणी घ्यावे आणि लिटरमागे भांडी घासायच्या लिक्विडचे चार-पाच थेंब टाकावेत. साबणामुळे पाणी कागदावरून ओघळण्याऐवजी आत मुरते, एवढेच त्याचे काम. जास्त घातला तर नंतर फेस धूत बसावे लागते. व्हिनेगर घालण्याची पद्धत बरीच प्रचलित आहे. सिमेंटच्या भिंतीवर लिटरभर पाण्यात अर्धी वाटी घालायला हरकत नाही, तरी त्याने फार फरक पडतो असा माझा अनुभव नाही. नीरूच्या किंवा चुन्याच्या गिलाव्यावर मात्र ते अजिबात वापरू नये, कारण आम्लाने चुना झिजतो. बुरशीसाठी ब्लीचिंगचे द्रावण वापरायचे असेल तर व्हिनेगरची बाटली बाहेरही काढू नये. ही दोन एकत्र आली की क्लोरिन वायू सुटतो.

सिमेंटच्या भिंतीवर एक पट्टा, म्हणजे ५३ सेंटिमीटर रुंदीचा भाग, वरून खाली भिजवावा, मग शेजारचा पट्टा भिजवावा आणि पुन्हा पहिल्याकडे येऊन त्याला दुसरा हात द्यावा. त्यानंतर दहा-पंधरा मिनिटे काहीही करू नये. या पंधरा मिनिटांतच बहुतेकांचा धीर सुटतो. पाणी लावून लगेच पट्टी चालवली की कागदाचे वरचे तंतू तेवढे निघतात, भिंतीवर केसाळ लव राहते आणि मग तीच भिंत तीनदा खरवडावी लागते. वेळ झाली का हे ओळखण्याची खूण अशी: पट्टीच्या कोपऱ्याने कागद दाबून जरासा ढकलावा. तो सुरकुतत, घडी पडत पुढे सरकला आणि खाली बुळबुळीत थर दिसला तर गोंद सुटला आहे. कागदाचे कण निघून पट्टी खरखर वाजली तर अजून पाणी आणि अजून पाच मिनिटे. कामाच्या मध्यावर आले की ही खूण बघावीही लागत नाही. पट्टीचा आवाजच बदलतो, खरखर जाऊन ओल्या पाटीवर हात फिरवल्यासारखा मऊ होतो.

खरवडताना पट्टी भिंतीशी वीस-तीस अंशांच्या कोनात, जवळजवळ निजलेली धरावी आणि दोन-तीन फटक्यांनंतर पाते ओल्या फडक्याने पुसावे. पात्यावर साठलेला लगदा पुन्हा भिंतीवर माखला जातो आणि वाळल्यावर त्याचे कंगोरे उठतात. निघालेले तुकडे लगेच बादलीत टाकावेत. खाली पडून वाळले की ते फरशीला असे चिकटतात की जणू तिथेच लावले होते.

हवा कोरडी असल्यामुळे पाणी टिकत नसेल, तर भिजवलेल्या भागावर ओल्या वर्तमानपत्राची पाने थापावीत किंवा प्लॅस्टिकचा पातळ कागद चिकटवून ठेवावा. याहून सरस उपाय मला एका वयस्कर रंगाऱ्याने सांगितला: वॉलपेपर लावायची जी पावडर मिळते, तिची ताकासारखी पातळ खळ करून ब्रशने जुन्या कागदावर फासायची. पाणी ओघळते, खळ ओघळत नाही. ती अर्धा-पाऊण तास ओल धरून ठेवते आणि आतला जुना गोंद मऊ करते. जिप्समच्या भिंतीवरही ही युक्ती फार उपयोगी पडते, कारण तिथे पाणी कमी आणि वेळ जास्त हवा असतो. बहिणीच्या भिंतीचा उरलेला अर्धा भाग मी असाच काढला आणि त्यात एकही चर पडला नाही. अर्थात ही खळ नंतर धुऊन काढावी लागते.

साधारण दहा फूट बाय दहा फुटांच्या सिमेंटच्या भिंतीला मला एकटीला चार तास लागले. जिप्समच्या तेवढ्याच भिंतीला, खड्डे बुजवण्याचा वेळ सोडून, दीड दिवस लागला.

जे सुटत नाही ते

वॉलपेपरचा गोंद स्टार्चचा किंवा सेल्युलोजचा असेल तर तो पाण्याने सुटतो. पण लावणाऱ्याने घाईने किंवा कंजुषीने सुतारकामाचा पांढरा गोंद वापरला असेल तर पंचाईत होते. आमच्या भिंतीवर सांध्यांच्या कडेने दोन-दोन इंचांत हेच केलेले निघाले. लावून घेतला तेव्हा त्या ठेकेदाराने पावसाळ्यातसुद्धा सांधे सुटणार नाहीत अशी हमी दिली होती, ती त्याने या मार्गाने पाळली. हा गोंद पाण्यात विरघळत नाही, पण गरम पाण्यात भिजवलेले फडके पाच-सात मिनिटे धरून ठेवले तर फुगून दुधासारखा पांढरा होतो आणि त्या अवस्थेत पट्टीने रबरासारखा गुंडाळला जातो. सिमेंटवर हे शक्य आहे. जिप्समवर मात्र असा चिवट तुकडा ओढत बसण्यापेक्षा त्याच्या कडा १८० नंबरच्या कागदाने बारीक घासून तो तसाच ठेवावा आणि प्रायमरखाली बंद करावा.

कपडे वाफवायचे स्टीमर सिमेंटच्या भिंतीवर चिवट तुकड्यांपुरते वापरता येते. एका जागी पंधरा-वीस सेकंदांपेक्षा जास्त धरू नये, आणि वाफेचे गरम थेंब कोपरापर्यंत ओघळतात म्हणून लांब बाह्यांचा सदरा घालावा.

स्टिकरच्या वॉलपेपरला पाणी नव्हे, ऊब लागते. हेअर ड्रायर मध्यम आचेवर वीतभर अंतरावरून अर्धा मिनिट फिरवावा आणि कोमट असतानाच कागद भिंतीलगत, सावकाश ओढावा. या वेळी भिंत आणि हात दोन्ही कोरडे असावेत. स्टिकर बहुधा थेट रंगावर लावलेला असतो आणि रंगाची पकड कमजोर असेल तर तोही सोबत येणारच. तो कशानेही वाचत नाही. मागे राहिलेला चिकटपणा टर्पेंटाइनने किंवा निलगिरीच्या तेलाने निघतो. टर्पेंटाइन वापरताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात, गॅस बंद असावा आणि खोलीत देवघर असेल तर समई-निरांजन तेवढ्या वेळेपुरते शांत करावे. फोमचे जे जाड थ्रीडी तुकडे विटांच्या आकारात मिळतात, ते वरून सोलले तरी फोमचा थर भिंतीवर राहतो; त्यालाही हीच ऊब आणि हीच पट्टी.

निघालेला कचरा ओला असताना फार जड होतो. तो गच्चीत दिवसभर वाळवून, पिशवीत बांधून सुक्या कचऱ्यात द्यावा, आणि कचरा नेणाऱ्या ताईंना आदल्या दिवशी कल्पना द्यावी, कारण एका भिंतीचा कचरासुद्धा त्यांच्या गाडीतली बरीच जागा अडवतो. गिलाव्याचे तुकडे हा राडारोडा आहे. तो यात मिसळू नये. व्हिनाइल जाळणे तर सर्वथा वर्ज्य, कारण पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइडचा झोंबणारा धूर निघतो.

गोंद धुणे, वाळवणे आणि प्रायमर

कागद निघाला की काम संपल्यासारखे वाटते आणि इथेच रंगारीसुद्धा घाई करतात. भिंतीवर गोंदाचा पारदर्शक थर असतो. तो दिसत नाही, पण त्यावर पाण्यात कालवलेला प्रायमर किंवा रंग दिला की गोंद पुन्हा ओला होतो, आणि वाळताना आकसून रंगाला कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पाडतो. म्हणून कोमट पाणी आणि स्पंज घेऊन वरून खाली दोनदा धुवावे. एका बादलीत साबणाचे पाणी आणि दुसरीत स्वच्छ पाणी ठेवावे आणि स्वच्छ पाणी गढूळ होताच बदलावे. जिप्समवर धुणे म्हणजे पिळलेल्या स्पंजने पुसणे, त्याहून अधिक नाही. गोंद उरला आहे का हे ओल्या तळव्याने कळते: तळहात सरकला तर गोंद आहे, अडखळला तर भिंत स्वच्छ आहे. आणखी खात्री हवी असेल तर औषधाच्या दुकानातून टिंक्चर आयोडिन आणून दोन चमचे पाण्यात चार थेंब टाकावे आणि कापसाने एखाद्या कोपऱ्यात लावून पाहावे. जिथे स्टार्चचा गोंद उरला असेल तिथे निळा-जांभळा डाग उमटतो. शाळेत बटाट्यावर केलेला प्रयोग तो हाच. गोंद सेल्युलोजचा असेल तर मात्र रंग बदलत नाही, तिथे तळवाच खरा.

धुतलेली भिंत उन्हाळ्यात पंखा लावून दोन दिवसांत वाळते. ढगाळ हवेत आठवडाही लागतो. वरून कोरडी दिसणारी भिंत आतून ओली असू शकते, म्हणून दीड फूट बाय दीड फुटाचा जाड प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने भिंतीवर हवाबंद चिकटवावा आणि एक दिवस तसाच ठेवावा. काढल्यावर प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला दव दिसले किंवा त्याखालची भिंत गडद झाली असेल तर थांबावे.

त्यानंतर खड्डे पुट्टीने भरावेत, वाळल्यावर १८० नंबरचा पॉलिश पेपर हलका फिरवावा आणि धूळ सुक्या फडक्याने झटकावी. खोल चर एकाच हातात भरू नयेत. जाड पुट्टी वाळताना तडकते. प्रायमर निवडताना, गोंद पूर्ण निघाला याची खात्री असेल तर पाण्यात कालवायचा चालतो. स्टार्चच्या किंवा सुतारी गोंदाचे अंश राहिले असतील तर टर्पेंटाइनमध्ये कालवायचा ऑइल प्रायमरच घ्यावा, कारण त्यातल्या द्रवाने हा गोंद पुन्हा जागा होत नाही. ओलीची शंका असलेल्या भिंतीवर मात्र ऑइल प्रायमर देऊ नये. आतली वाफ बाहेर पडू न शकल्याने तो फोडासारखा फुगतो.

सगळ्या भिंतीला प्रायमर देण्याआधी मी एका कोपऱ्यात फूटभर जागेत तो लावते आणि रात्रभर वाळू देते. सकाळी त्यावर मास्किंग टेपची पट्टी दाबून बसवायची आणि झटक्यात ओढायची. टेप कोरी निघाली तर उरलेल्या भिंतीसाठी डबा उघडावा; तिच्या पाठीला पांढरे पापुद्रे दिसले तर पुन्हा स्पंज आणि कोमट पाणी घ्यावे.